हात जागेवर आहे, पण ऐकत नाही: दुचाकीच्या अपघातात हाताच्या नसा तुटल्यावर काय करायचं

मी मोटार रिवाइंडिंगवाला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडमागे दुकान आहे. सात वर्षांपूर्वी, गळीत हंगामात, रात्री नऊच्या सुमाराला दुकान बंद करून घरी निघालो होतो. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अगदी जवळ गेल्यावर दिसली. गाडी वळवली, तरी उजवा खांदा ट्रॉलीला घासला आणि डांबरावर खांद्यावरच आपटलो. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. कॉलरबोन मोडलं होतं, ते दोन महिन्यांत जुळलं. हात मात्र शुद्धीवर आल्यापासून लोंबत होता. दिसायला धड, चार ओरखडे सोडले तर जखम नाही, आणि करंगळीसुद्धा हलेना.

मी डॉक्टर नाही. पण पहिल्या वर्षी मला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते इथे क्रमानं लिहितोय.

काय तुटलंय ते आधी समजून घ्या

मानेच्या मणक्यातून पाच मुळं निघतात: सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१. कॉलरबोनच्या मागे ती एकमेकांत मिसळतात, फुटतात आणि हातभर पसरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. रिपोर्टवर हाच शब्द दिसेल. वरची दोन मुळं ढोबळमानानं खांदा उचलायची आणि कोपर वाकवायची. मधलं कोपर सरळ करायचं आणि मनगट उचलायचं. खालची दोन बोटांची आणि मुठीची. खांदा जमिनीवर आपटतो, डोकं उलट दिशेला फेकलं जातं आणि मधल्या मध्ये ही मुळं ताणली जातात.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. केबल नुसती ताणली गेली, आतली तार शाबूत असली, तर काही आठवड्यांत करंट आपोआप सुरू होतो. केबल मध्येच तुटली तर दोन टोकांमध्ये नवा तुकडा जोडता येतो. पण केबल बोर्डातूनच उपटून आली, तर जोडायला टोकच राहत नाही. मूळ मणक्यातल्या मज्जारज्जूतून उपटलं असेल तर त्याला अव्हल्शन म्हणतात. ते आपोआप भरून येत नाही. तेव्हा शेजारच्या चालू लाइनवरून कनेक्शन घ्यावं लागतं. सर्जन नेमकं तेच करतात.

एकाच माणसात तिन्ही प्रकार असू शकतात. म्हणून "शेजारच्या पोराचा हात तीन महिन्यांत आला, तुझाही येईल" हे वाक्य ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

एक खूण घरीही दिसते. हात गेलेल्या बाजूची पापणी जराशी खाली आलेली आणि त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा बारीक असेल, तर तळाचं मूळ उपटल्याची शक्यता मोठी असते. माझ्या बायकोला हे चौथ्या दिवशी दिसलं होतं. आम्ही ते झोप न झाल्यावर घातलं.

पहिले तीन महिने

सगळ्या लेखात हाच भाग नीट वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंच. इकडे करंट न मिळालेला स्नायू वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो तिला दाद देत नाही. आता हिशोब करा. मानेपासून तळहातापर्यंत सत्तर सेंटिमीटर धरा. सातशे मिलिमीटर, म्हणजे सातशे दिवस. तोवर तळहातातल्या स्नायूंचा खेळ संपलेला असतो. खालची मुळं उपटलेल्या मोठ्या माणसाची बोटं बहुतेक वेळा का परत येत नाहीत आणि सर्जन खांदा-कोपराच्या मागे का लागतात, ते या गणितातून कळतं.

म्हणूनच नसांच्या ऑपरेशनची चांगली वेळ अपघातानंतर तीन ते सहा महिने. नऊ महिन्यांनंतर फायदा घटत जातो. वर्ष उलटल्यावर नुसत्या नसा जोडून फारसं काही हाती लागत नाही, मांडीतला स्नायू काढून दंडात बसवण्यासारखे मोठे उपाय उरतात.

माझे अडीच महिने कसे गेले, सांगतो. हाडाच्या डॉक्टरांनी हाड जुळवलं आणि "नसेच्या गोळ्या" दिल्या. व्हिटॅमिनच्याच त्या, "सहा महिने बघू" म्हणाले. गावात एकानं नस चढलीय सांगून हात ओढला. दुसऱ्यानं तेल दिलं. आईनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला आणि बधिर कातडीवर फोड आले, मला कळलंसुद्धा नाही. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण त्या अडीच महिन्यांचा हिशोब स्नायूंनी मांडून ठेवला होता.

तुम्ही असं करा. पहिल्या आठवड्यात हाड, डोकं, छाती, रक्तवाहिन्या यांचं जे असेल ते आधी. मनगटात नाडी लागत नसेल किंवा धारदार वस्तूनं मान-खांद्यावर जखम असेल, तर ते त्याच दिवसाचं काम आहे, थांबायचं नाही. तीन-चार आठवडे झाले की ईएमजी-एनसीव्ही ही नसांची तपासणी करा. त्याआधी केली तर ती फसवी येते, कारण तुटलेल्या नसेचं पुढचं टोक मरायला तेवढा वेळ लागतो. त्याच सुमाराला मानेचा आणि प्लेक्ससचा एमआरआय. दीड-दोन महिन्यांत दंड किंवा खांदा हलायची काही चिन्हं नसतील, तर कागद घेऊन ब्रेकियल प्लेक्ससची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. ते प्लास्टिक सर्जन असतील, हाताचे सर्जन असतील किंवा न्यूरोसर्जन. तालुक्याला असा माणूस मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा. आमच्या भागातले काहीजण कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटललाही जातात. भेटीत एकच प्रश्न स्पष्ट विचारा: "अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता?" विचारायला लाजू नका. मोटार रिवाइंड करायला देताना विचारता की नाही?

तोवर घरी दोन कामं. हात झोळीत ठेवा, नाहीतर त्याच्या वजनानं खांद्याचा सांधा खाली ओघळतो. आणि दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हातानं किंवा घरच्या माणसाकडून खांदा, कोपर, मनगट आणि प्रत्येक बोट सावकाश पूर्ण हलवून घ्या. उद्या नस आली आणि सांधा गंजलेला असला, तर सगळं मुसळ केरात. "करंट लावणं" फिजिओ सांगतील तसं घ्या, पण करंटानं नस जुळते अशा समजुतीत राहू नका.

ऑपरेशन आणि नंतरचं वर्ष

माझी पाचही मुळं गेली होती. पाचव्या महिन्याच्या शेवटी ऑपरेशन झालं, सकाळी आत नेलं ते संध्याकाळी बाहेर. खांदे उडवायला लागणाऱ्या स्नायूची नस खांद्याकडे वळवली आणि बरगड्यांमधल्या तीन नसा दंडाच्या बेटकुळीला जोडल्या. बरगड्या मोडल्या असतील तर हा मार्ग अवघड होतो, म्हणून छातीचे जुने एक्स-रे सर्जनला आवर्जून दाखवा. ज्यांची मूठ चालू आहे, त्यांच्यात मुठीच्या नसेतला एक बारीक धागा काढून बेटकुळीला देतात. ही पद्धत फ्रेंच सर्जन ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडली, आणि तिचे निकाल चांगले आहेत. तुटलेल्या नसेत तुकडा घालायचा असेल तर तो पायाच्या पोटरीमागून घेतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो, चालायला काही अडत नाही.

मग सुरू होतं ते वाट पाहणं. सहा महिने काहीही झालं नाही. लोक विचारायचे आणि मी विषय बदलायचो. सातव्या महिन्यात एकदा दुकानात जोरात शिंकलो आणि दंडात काहीतरी फडफडलं. पोराला म्हटलं, इथे हात ठेव. पुन्हा खोल श्वास घेतला. पुन्हा फडफडलं. बरगडीची नस ना ती, श्वासालाच ओळखते. पुढचं वर्षभर व्यायाम हाच: छाती भरून श्वास घ्यायचा, त्याच वेळी मनात कोपर वाकवायचं, डाव्या हातानं थोडी मदत करायची. आडव्या टेबलावर पावडर टाकून हात सरकवायचा, म्हणजे वजन उचलावं लागत नाही. दीड वर्षानं कोपर वजनाशिवाय वाकलं. आता श्वास न घेताही वाकतं, मेंदूनं नवी लाइन ओळखली. खोकला आला की अजून उडतं. सत्यनारायणाच्या पूजेत बसलो असताना खोकलो आणि हात वर गेला, भटजींनी समजलं मी काहीतरी विचारतोय.

मूठ आली नाही. ती येणार नाही हे सर्जननी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. हे सांगणारा सर्जन मिळाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

दुखणं

मुळं उपटलेली असली की बधिर हात दुखतो. हे घरच्यांना पटत नाही. टाचणी टोचली तर कळत नाही आणि तरी तळहात भट्टीत धरल्यासारखा जळतो, मधूनच बोटांतून शॉक बसल्यासारखी कळ जाते. हे नाटक नसतं आणि वेडही नसतं. मेंदूकडे येणाऱ्या तारा उपटल्यामुळे मज्जारज्जूतल्या पेशी आपोआप ठिणग्या टाकत राहतात.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन अशी नसांच्या दुखण्याची औषधं डॉक्टर हळूहळू वाढवत देतात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा: बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करायची नाहीत, आणि त्यांच्यावर दारू घ्यायची नाही. वॉर्डात माझ्या शेजारी असलेल्या एकाला दुखण्यानं दारूकडे नेलं होतं. त्याला दोष द्यावासा मला कधी वाटला नाही.

औषधाइतकाच फरक पडतो तो हातात काम असण्यानं. रिकामं बसलं की कळ वाढते. रात्री जास्त, थंडीत जास्त. डिसेंबर-जानेवारीत मी हातावर लोकरीची बाही घालतो, झोपताना हात उशीवर ठेवतो. आरशाचा प्रयोगही करून बघा. गेलेला हात आरशामागे, चांगला हात आरशासमोर. चांगला हात हलवायचा आणि आरशात गेलेला हात हलताना बघायचा. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी तो हात-पाय कापलेल्यांसाठी नव्वदच्या दशकात मांडला. मला रात्री झोपण्याआधी दहा मिनिटांनी बरं वाटायचं, माझ्या ओळखीतल्या दुसऱ्याला काहीच फरक पडला नाही. बहुतेकांचं दुखणं दोन-तीन वर्षांत सोसण्यासारखं होतं. ज्यांचं होत नाही, त्यांच्यासाठी मज्जारज्जूत मूळ शिरतं तिथे ड्रेझ नावाचं ऑपरेशन आहे. ते शेवटचं पाऊल आहे, पण आहे हे माहीत असू द्या.

बधिर हाताची राखण

हा हात तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या वतीनं तुम्ही बघायचं. रोज संध्याकाळी उजेडात कोपरापासून नखांपर्यंत तपासा: भाजलंय का, चिरलंय का, मुंगी-डास चावून खाजवलंय का. चहाचा कप, बाइकचा सायलेन्सर, कुकरची वाफ, उन्हात तापलेली रिक्षाची पत्र्याची कड, ही माझी यादी. गरम पाण्याची पिशवी त्या हाताला कधीच नको. आंघोळीचं पाणी चांगल्या हातानं बघा. अंगठी काढून ठेवा, हात सुजला की ती रुतते आणि कळत नाही. तेल लावायचं तर साधं, कोमट नाही.

एका हाताचा दिवस

शर्ट घालताना गेलेला हात आधी, काढताना शेवटी. हे एक वाक्य पाठ केलं की सकाळची अर्धी चिडचिड जाते. बटणांऐवजी शिंप्याकडून आत वेल्क्रो लावून घ्या, वर बटणं नुसती दिसायला शिवून ठेवा. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. बुटापेक्षा वहाणा. नेलकटर लाकडी फळीवर स्क्रूनं बसवून घ्या, म्हणजे चांगल्या हाताची नखं दांडी खाली दाबून कापता येतात. त्या हाताची नखं कोण कापणार, हे पहिल्या आठवड्यात कुणाला सुचत नाही.

स्वयंपाकघरात विळी विसरा. जाड फळीला खालून दोन लांब खिळे ठोकून वर टोकं काढा, त्यात बटाटा-कांदा रोवा आणि सुरीनं चिरा. पातेल्याखाली ओला फडका ठेवला की ते फिरत नाही. बरणी गुडघ्यांत धरून उघडा.

जेवणाचं मात्र वेगळं. माझा उजवा हात गेला. चपातीचा तुकडा एका हातानं तोडायचा तर आपल्याला जन्मापासून सराव, डाव्या हाताला तो पंधरा दिवसांत येतो. अवघड जातं ते पंगतीत. डावा हात ताटात घातला की म्हातारी माणसं बघतात. प्रसाद घेताना, अक्षता टाकताना, कुणाला पैसे देताना पोटात कालवतं. पहिलं वर्षभर मी लग्नांना गेलोच नाही. मग आमच्या गावच्या पुजाऱ्यांनी एकदा स्वतःहून डाव्या हातावर तीर्थ दिलं, काही न बोलता, आणि माझं पंगतीचं भय गेलं. शौचालयात जेट स्प्रे बसवून घ्या. त्यानंतर जेवणाचा हात आणि धुण्याचा हात एकच आहे, याची टोचणी निम्मी होते. साबण भिंतीला लावलेला, दाबून येणारा ठेवा.

बस-रिक्षात बसताना गेलेला हात आतल्या बाजूला ठेवा. गर्दीत झोळी मुद्दाम घाला, लागत नसली तरी. लोकांना झोळी दिसते, लुळा हात दिसत नाही.

सही आणि कागद

लिहिता हात गेला असेल तर महिन्याभरात बँक अडवते. डाव्या हाताची सही जुळत नाही, चेक परत येतो. शाखेत जाऊन सही बदलायचा अर्ज द्या. सही स्थिर व्हायला तीन-चार महिने लागतात, तोवर अंगठा आणि साक्षीदार यावर व्यवहार चालतो. डाव्या हातानं रोज वहीचं एक पान लिहा. मी मुलाच्या पहिलीच्या उजळणीच्या वहीत गिरवलं.

अपघाताचे कागद पहिल्या दिवसापासून एका फायलीत: एफआयआर, पंचनामा, दवाखान्यातली एमएलसी (पोलिसी प्रकरण म्हणून केलेली) नोंद, सगळी बिलं. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनाशुल्क उपचार मिळायची केंद्राची योजना आहे. पुढच्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून ऑपरेशनच्या गडबडीतही वकिलाला लवकर भेटा. तिथे एक मुद्दा धरून ठेवा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये हे स्पष्ट केलंय: एक हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची बुडेलच असं नाही. म्हणजे तुमचा धंदा काय आणि त्याला दोन हात कसे लागतात, ते पुराव्यानिशी सांगा. मी रिवाइंडिंग करतानाचे जुने फोटो दिले होते.

स्वतःच घसरून पडलात, तर हा मार्ग नाही. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याकडे बघा. तो १५ लाखांचा असतो आणि एक हात गेल्यास निम्मी रक्कम अशी अट असते. लुळा हात "गेला" धरायचा का, यावर कंपनी वाद घालू शकते, म्हणून निकामीपणा स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या. गाडी चालवायचा परवाना चालू असावा लागतो.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. उपचार चालू असताना घाई करू नका, सुधारणा थांबली की जा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असाल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण मिळतं, शिवाय एसटीतली भाड्याची सवलत मिळते. तिथे बसून "मी काही अपंग नाही" म्हणणारे बरेच भेटले. पहिल्या वेळी मीही तसाच परत आलो होतो.

काम, गाडी आणि राहिलेलं एक ऑपरेशन

कॉइल गुंडाळणं मला जमत नाही. मोटार उघडून काय जळलंय ते बघणं, तारेचा गेज आणि वेढे काढणं, गिऱ्हाइकाशी भाव ठरवणं जमतं. दोन पोरं हाताखाली आहेत, वेढे ती घालतात. वाकणारं कोपर वाया जात नाही: वही, फाइल, अर्धा किलो तारेचं रीळ छातीशी दाबून धरता येतं. बेंचव्हाइस हा माझा दुसरा हात आहे. मोबाइलवर मराठीत बोलून लिहितो, हा लेखही तसाच लिहिलाय.

दुचाकी सोडली. ऑटोमॅटिक चारचाकी स्टिअरिंगवर गोळा बसवून एका हातानं चालवता येते, पण गाडीतला बदल आरटीओत नोंदवून, परवान्यावर तशी नोंद करून घेऊनच. नाहीतर अपघात झाला तर विमा हात वर करेल.

मनगट माझं अजून लोंबतं. ते सरळ ठेवून हाडं पक्की जोडून घ्यायचं ऑपरेशन सर्जननी सुचवलंय, म्हणजे हात कागद दाबून धरायला तरी नीट येईल. हे काम नसांचं नाही, हाडाचं आहे, त्यामुळे इथे घड्याळ मागे लागलेलं नाही. उन्हाळ्यात पंपांची गर्दी असते. पावसाळ्यात दुकान थंड पडतं, तेव्हाची तारीख घेतली आहे.